वाचकांचे प्रश्न : किनाऱ्याने सायकल, पण चढ नको

प्रश्न : आम्ही नवरा-बायको नेरूळला राहतो. माझे वय ६१ आणि पत्नीचे ५७ आहे. गेली तीन वर्षे आम्ही रोज पहाटे पाम बीच मार्गाच्या बाजूने पंधरा-वीस किलोमीटर सायकल चालवतो. जानेवारीत चार दिवसांची सागरी सहल करावी असे मनात आहे आणि बेलापूर, पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा बेत आम्ही कागदावर आखला आहे. माझ्या गुडघ्यांना चढ सोसत नाहीत आणि पत्नीला मागून येणाऱ्या ट्रेलरची धास्ती वाटते. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाटच असणार, असे आम्ही गृहीत धरले आहे. ते बरोबर आहे का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपले गृहीतक चुकीचे आहे, आणि ते आपण निघण्यापूर्वी विचारले हे बरे झाले. मीही काही वर्षांपूर्वी हेच गृहीत धरून रेवदंड्याहून काशीदला निघालो होतो आणि भर दुपारी सायकल हाताने ढकलत एक चढ पार केला होता. त्या दिवशी समुद्र सतत उजव्या हाताला होता, परंतु तो बराच खाली होता.

कोकणात समुद्राची पातळी एकच असली तरी किनाऱ्याचा रस्ता त्या पातळीवर राहत नाही, याचे कारण भूमीच्या रचनेत आहे. सह्याद्रीतून निघालेल्या लहान-लहान नद्या पश्चिमेकडे धावत येऊन खाड्यांनी समुद्राला मिळतात, आणि दोन खाड्यांच्या मधला डोंगराचा फाटा थेट पाण्यापर्यंत पुढे आलेला असतो. रायगड जिल्ह्यात तो काळ्या कातळाचा असतो, तर रत्नागिरीत त्याच्या माथ्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे कातळी पठार, पसरलेला असतो. रस्त्याला गावातून निघून हा फाटा चढावा लागतो, माथ्यावरून जावे लागते आणि पुढच्या खाडीपाशी पुन्हा उतरावे लागते. दिवसाच्या शेवटी आपण जिथून निघालो त्याच उंचीवर असतो, पण गुडघ्यांनी मात्र वाटेतला प्रत्येक चढ मोजलेला असतो. मोटारीतून जाणाऱ्याला हे जाणवत नाही, म्हणून त्यांच्याकडून मिळालेल्या ‘रस्ता मस्त आहे’ या माहितीवर सायकलस्वाराने विसंबू नये.

आता आपल्या बेताकडे वळू. बेलापूर ते पेण हा टप्पा पूर्णपणे वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पळस्पे ते वडखळ हा मुंबई-गोवा महामार्गाचा भाग असून उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या-येणाऱ्या कंटेनर ट्रेलरची रहदारी त्याच परिसरातून होते, आणि वडखळहून अलिबागला जाताना पुन्हा कार्लेखिंड आडवी येते. म्हणजे आपल्याला नको असलेल्या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी पदरात पडतात. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतचा भाग उत्तम आहे, त्याविषयी पुढे लिहितो. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळावला गेल्यावर कोर्लईपर्यंत फारशी तक्रार करण्यासारखे काही नाही, परंतु त्यानंतर काशीद आणि मुरूडकडे जाणारा तीस-एक किलोमीटरचा रस्ता वारंवार उठतो आणि बसतो. मुरूडच्या पुढे आगरदांड्याहून दिघीला बोटीने जाता येते हे खरे असले तरी दिघीला उतरल्यावर पुन्हा डोंगरच सामोरा येतो. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता लाटांच्या अगदी शेजारून जातो आणि त्याची छायाचित्रे पाहूनच आपण हा बेत आखला असावा, असा माझा तर्क आहे. तो रस्ता अवश्य पाहावा, पण एखाद्या वेळी सायकली मोटारीवर बांधून दिवेआगरपर्यंत न्याव्यात आणि तेवढाच टप्पा चालवावा. त्या रस्त्यापर्यंत कोणत्याही बाजूने सायकलीने पोहोचायचे म्हटले तरी घाट चुकत नाही.

नकाशा पाहताना उंचीच्या रेषा वाचता येत नसतील, तर गावांची नावे वाचावीत. नावात खिंड, घाट, सडा किंवा टेप असेल तर तिथे पेडल जड होणार हे ठरलेले. आगर, खार किंवा बंदर असेल तर जमीन बहुधा पाण्याच्या पातळीला असते. पाखाडी या शब्दाने मात्र फसू नये, कारण तो ऐकायला कितीही मऊ वाटला तरी त्याचा अर्थ पायऱ्यांची दगडी वाट असा आहे. आणि दिवेआगर हे नाव गावापुरतेच खरे आहे, गावात शिरण्याच्या वाटेला ते लागू होत नाही.

आपल्यासाठी मला दोन पर्याय सुचतात. पहिला जवळचा आणि दोन-तीन दिवसांचा आहे. उरणपर्यंतची लोकल जानेवारी २०२४ पासून सुरू झाल्यामुळे नेरूळकरांना ट्रेलरच्या रांगांमधून उरणला जाण्याची गरज उरलेली नाही. सकाळी उलट्या दिशेची, म्हणजे गर्दी नसलेली गाडी पकडून उरणला उतरावे, तिथून पाच-सहा किलोमीटरवरच्या करंजा धक्क्यावर जावे आणि लाँचने धरमतरची खाडी ओलांडून रेवसला उतरावे. कार्लेखिंडीचा आणि महामार्गाचा सगळा वळसा या थोड्या वेळाच्या जलप्रवासाने वाचतो. रेवसहून मांडवा, आवास, सासवणे, किहीम, थळ अशी गावे घेत अलिबागला पोहोचेपर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटर होतात. मुख्य रस्ता सोडून गावांच्या आतल्या रस्त्यांनी जावे. अंतर थोडे वाढते, पण नारळाची सावली मिळते आणि मोटारी कमी भेटतात. दुसऱ्या दिवशी अलिबागहून आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा सतरा-अठरा किलोमीटरचा पट्टा सावकाश करावा. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा हा रस्ता अरुंद असून त्यावर चढ म्हणावा असा चढ नाही. ओहोटीची वेळ साधली तर अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते, तेवढीच पायांना वेगळी कसरत. रेवदंड्याला आपली सीमा मानावी आणि आल्या वाटेने परतावे.

या भागाची खरी अडचण चढाची नसून शनिवार-रविवारची आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्या पुलावर दुचाकीला प्रवेश नाही, त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग शून्य, परंतु त्यावरून येणाऱ्या मोटारी मात्र आपल्याच अरुंद रस्त्यावर उतरतात. शनिवारी सकाळी हा लोंढा अलिबागकडे येतो आणि रविवारी दुपारनंतर परत जातो. म्हणून सोमवारी निघून बुधवारी किंवा गुरुवारी परतावे. निवृत्त माणसाला मिळालेली ही सवलत वाया घालवण्यात अर्थ नाही.

दुसरा पर्याय उत्तरेचा, आणि चार दिवस हाताशी असतील तर मी आपल्याला तोच घ्यायला सांगेन. सागरी सहल म्हटली की ठाणे-नवी मुंबईच्या माणसाचे पाय आपोआप दक्षिणेकडे वळतात, पण आपल्याला हवी असलेली सपाटी वसईपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात आहे. तिथे डोंगर किनाऱ्यापासून मागे हटलेले आहेत. जीवदानी, तांदुळवाडी, काळदुर्ग हे सगळे रेल्वेमार्गाच्या पूर्वेला राहतात आणि अहमदाबादकडे जाणारा ट्रकने भरलेला महामार्ग त्यांच्याही पलीकडे जातो. रेल्वेच्या पश्चिमेला राहावे, एवढा एकच नियम पाळला तरी एखाददुसरी टेकडी सोडता चढ आणि ट्रक दोन्ही चुकतात.

पहिल्या दिवशी पनवेलहून डहाणूला जाणाऱ्या मेमू गाडीने डहाणू रोडला उतरावे आणि मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी पहाटे डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीला जावे. हे अंतर सुमारे १७ किलोमीटर असून एका बाजूला सुरूची झाडे आणि दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या अशी सोबत असते. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि जानेवारीत तो वाडीच्या दारातच विकत मिळतो. थंडीच्या सकाळी नीराही मिळते. ती ऊन चढण्यापूर्वीच प्यावी. दुपारी बोर्डीहून परत डहाणूला यावे. दुपारीच का, ते खाली वाऱ्याविषयीच्या उत्तरात लिहिले आहे.

तिसऱ्या दिवशी डहाणूहून पालघरपर्यंत लोकलने यावे. मधला बोईसर-तारापूरचा भाग औद्योगिक वसाहतीचा आहे आणि तिथल्या अवजड वाहनांशी आपले काही काम नाही. सलग सायकलच चालवली पाहिजे असा हट्ट करणाऱ्यांनी तो करावा, आपण गाडीत बसून डबा खावा. पालघरहून शिरगाव, माहीम आणि केळवे हा वीस-एक किलोमीटरचा रस्ता आहे. शिरगाव, माहीम आणि केळवे या तिन्ही ठिकाणी किनाऱ्याचे जुने किल्ले असून ते जमिनीवरच आहेत, त्यामुळे किल्ला पाहण्यासाठी डोंगर चढावा लागत नाही. केळव्याला शीतलादेवीच्या देवळाच्या आसपास घरगुती राहण्याची सोय होते.

चौथा दिवस थोडा लांबचा आहे. केळव्याहून एडवणमार्गे जलसारला यावे आणि तिथून वैतरणेच्या खाडीवरच्या रो-रोने विरारजवळच्या नारंगी धक्क्यावर उतरावे. २०२५ मध्ये ही बोट सुरू होण्यापूर्वी समोर दिसणाऱ्या या काठावर येण्यासाठी महामार्गाचा लांबलचक फेरा घालावा लागत असे किंवा सफाळ्याहून गाडी पकडावी लागत असे. नारंगीहून अर्नाळा, नवापूर, कळंब, राजोडी, भुईगाव अशी फुलांच्या आणि भाज्यांच्या वाड्यांची गावे पार करत वसईच्या किल्ल्यापर्यंत जाता येते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतलेल्या या किल्ल्याच्या आतूनच रस्ता धक्क्यापर्यंत जातो. दमणूक वाटली तर अर्नाळ्याला एक मुक्काम वाढवावा. चार दिवसांचे पाच झाले म्हणून कोणी गुण कापणार नाही. वसई रोडहून मेमूने परत पनवेल गाठता येते.

सायकल रेल्वेने न्यायची तर तिकीट खिडकीवर लगेजचे तिकीट मागावे, मालडब्यात चढावे आणि कार्यालयीन गर्दीच्या वेळा कटाक्षाने टाळाव्यात. पुढचे चाक काढून फ्रेमला बांधले तर सायकल दारात आडवी येत नाही आणि कोळणींच्या पाट्यांशी वाद होत नाही. मेमूच्या दिवसभरात मोजक्याच फेऱ्या असतात, त्यामुळे वेळापत्रक पाहून मगच मुक्कामाचे आरक्षण करावे. याच्या उलट क्रमाने केले तर काय होते, ते मी दिवा स्थानकावर तीन तास बसून अनुभवले आहे.

आपण रोज वीस किलोमीटर चालवता, तेव्हा सपाटीवर दिवसाला पस्तीस-चाळीस किलोमीटर आपल्याला जड जाऊ नयेत. मात्र पाठीवर पिशवी घेऊ नये. सगळे ओझे मागच्या कॅरिअरवर द्यावे, म्हणजे कंबर आणि मनगटे दोन्ही वाचतात. सीटची उंची आत्ताच तपासून घ्यावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला हवा. गुडघेदुखीच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी चढामुळे नव्हे, तर बुटक्या सीटमुळे आणि जड गिअरवर रेटत राहण्याच्या सवयीमुळे निर्माण होतात.

प्रश्न : आम्ही चार मित्र कोलशेत, ठाणे येथे राहतो. घोडबंदर रस्त्याने सायकलीवर वसईला जाऊन किनाऱ्याने फिरावे, असा विचार आहे. गायमुखचा चढ लहान आहे असे म्हणतात. भल्या पहाटे निघालो तर चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : चढ लहान आहे, हे खरे, पण तो चढताना सायकलीचा वेग चालण्याइतका कमी होतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी भरलेले ट्रेलरही पहिल्या गिअरमध्ये आपल्या शेजारून चढत असतात. घोडबंदर रस्ता हा बंदराकडून गुजरातच्या दिशेला जाणाऱ्या मालवाहतुकीचा मार्ग असल्यामुळे तिथली पहाट रिकामी नसते. दिवसा अवजड वाहनांवर जे निर्बंध असतात, त्यांच्यामुळे रात्रीची आणि पहाटेची वर्दळ उलट वाढते. त्यामुळे ‘भल्या पहाटे’ हा इतरत्र उपयोगी पडणारा उपाय इथे उलटतो.

ठाण्याहून लोकलने दिव्याला जावे आणि तिथून वसई रोडची मेमू धरावी. भाईंदर पश्चिम ते वसई किल्ला ही रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आहे आणि खाडीतून किल्ल्याच्या तटापाशी जाऊन उतरण्याचा आनंद वेगळाच आहे. परंतु भाईंदरला सायकलीने पोहोचण्यासाठी पुन्हा घोडबंदरच करावे लागते. म्हणून दादरला गाडी बदलून भाईंदर गाठण्याची तयारी असेल, आणि तीही रविवारी, तरच तो मार्ग घ्यावा. वसई किल्ला ते अर्नाळा आणि तिथून विरार स्थानक असा तीस किलोमीटरच्या आतबाहेरचा एक दिवस चौघांना पुरेसा होईल. कळंब आणि राजोडी या किनाऱ्यांवर रविवारी दुपारी रिसॉर्टच्या मोटारींची दाटी होते, त्यामुळे ती गावे सकाळी दहाच्या आत मागे टाकावीत.

प्रश्न : किनाऱ्यावर वारा फार त्रास देतो असे ऐकले आहे. कोणता महिना आणि दिवसाची कोणती वेळ चांगली? ओल्या वाळूवरून सायकल चालवता येते का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत चांगला, त्यातूनही नाताळ ते नववर्ष हा आठवडा वगळावा. पावसाळ्यात खाड्यांवरच्या लाँचचा भरवसा धरता येत नाही, आणि मार्चपासून ऊन सकाळी नऊलाच अंगावर येते.

हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका गार वारा असतो. सूर्य वर आला की जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. साधारण दुपारी बारानंतर हा खारा वारा जोर धरतो आणि आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेक वायव्येकडून वाहतो. म्हणून सकाळच्या शांततेत उत्तरेकडे जावे आणि दुपारी दक्षिणेकडे यावे, म्हणजे वारा पाठीशी राहतो. नेरूळच्या वाचकांना बोर्डीहून दुपारी परतायला आणि डहाणूपासून वसईकडे खाली यायला सांगितले, ते याच कारणाने. समोरचा वारा हा सपाटीवरचा चढच असतो, फरक इतकाच की त्याला माथा नसतो.

वाळूविषयी सांगायचे तर ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली वाळू बऱ्याच किनाऱ्यांवर रस्त्यासारखी घट्ट होते आणि थोडी हवा कमी केलेल्या रुंद टायरची सायकल तिच्यावर छान धावते. वेळ काढण्यासाठी कोळी बांधवांचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठ. सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तिच्यानंतर सहा तासांनी, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा रोजच्या वर्तमानपत्रातील वेळेशी ताडून पाहावे. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी फार आत जात नाही आणि ओहोटी भर दुपारी येते. याउलट पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि ओहोटी पहाटे सहाच्या सुमाराला, त्यामुळे उजाडताना किनारा लांबवर मोकळा मिळतो. वाळूवर सायकल चालवायची असेल तर हेच दिवस निवडावेत, आणि पाणी परत फिरू लागल्यावर कोणत्याही खाडीच्या मुखाशी रेंगाळू नये. लाँचच्या बाबतीतही हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण रेवससारख्या गाळ साचलेल्या धक्क्यांवर पूर्ण ओहोटीला बोट लागायला अडचण येते.

मुक्कामी पोहोचल्यावर आंघोळीच्या आधी सायकलीवर दोन बादल्या गोडे पाणी ओतावे, चेन फडक्याने कोरडी करून तिला तेल द्यावे. खारट वाळू एक रात्र तशीच राहिली तर सकाळी चेन कुरकुरते, आणि आठवडाभर राहिली तर ती बदलावीच लागते.